ठरावीक मुदतीचा नेम: चार महिने काही सोडणं माणसाला जमतं कसं?

आषाढ शुद्ध नवमीला महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत दिवसभर कांदा शिजत असतो. सकाळी कांदेपोहे, दुपारी झुणका आणि भरली वांगी, संध्याकाळी पावसाची सर आली की खेकडा भजी. ही कांदे नवमी. दोन दिवसांनी आषाढी एकादशी येते, चातुर्मास सुरू होतो, आणि ज्यांचा नेम असतो त्यांच्या स्वयंपाकघरातून कांदा, लसूण, वांगं पुढचे काही महिने हद्दपार होतं.

एरवी ज्याला कांद्याशिवाय आमटी घशाखाली उतरत नाही, तो माणूस हे चार महिने बिनतक्रार काढतो. आणि तोच माणूस एक जानेवारीला 'आता साखर कायमची बंद' असं जाहीर करतो आणि संक्रांतीच्या तिळगुळापर्यंतही टिकत नाही. माणूस तोच, जीभही तीच. मग एक गोष्ट जमते आणि दुसरी का जमत नाही?

माझं म्हणणं आधीच मांडून ठेवते. मुदतीच्या त्यागात मनोनिग्रहाचा वाटा आपण समजतो त्यापेक्षा बराच कमी असतो. खरं बळ असतं त्या नेमाच्या बांधणीत. कधी सुरू करायचं, कधी संपवायचं, नेमकं काय वर्ज्य, काय चालेल, चुकून तोंडात गेलं तर काय, आणि शेवटी नेम सोडायचा कसा, हे सगळं आधीच ठरलेलं असतं. रोज सकाळी उठून नव्याने निर्णय घ्यावा लागत नाही. ही बांधणी एकदा समजली की देवावर श्रद्धा असो वा नसो, तिचा उपयोग कुणालाही होतो.

चार महिने आले कुठून

चातुर्मास म्हणजे आषाढ शुद्ध एकादशी ते कार्तिक शुद्ध एकादशी. पहिल्या एकादशीला विष्णू निजतो म्हणून ती देवशयनी, शेवटच्या एकादशीला जागा होतो म्हणून ती प्रबोधिनी. या मधल्या काळात लग्नकार्यं करत नाहीत. तुळशीचं लग्न लागलं की मग माणसांची लागतात.

पावसाळ्यात थांबायची रीत मात्र याहून व्यापक आहे. फिरते संन्यासी, जैन साधू-साध्वी आणि बौद्ध भिक्खू हे सगळेच पावसाळ्यात एका जागी मुक्काम करत. बौद्धांच्या विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, त्याचं कारण अगदी स्पष्ट दिलं आहे. भिक्खू भर पावसातही हिंडतात, कोवळं गवत तुडवतात, बारीकसारीक जीव पायाखाली मारतात, अशी लोकांनी कुरकुर सुरू केली. पाखरंसुद्धा या दिवसांत झाडावर घरटं बांधून राहतात, मग यांना काय झालं, असं लोक म्हणू लागले. त्यावर बुद्धांनी वर्षावासाचा नियम घालून दिला. आजही महाराष्ट्रातल्या विहारांमध्ये आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास पाळतात आणि त्या निमित्ताने ग्रंथवाचन चालतं. जैन साधू तर चातुर्मासात आजही गाव सोडत नाहीत. श्वेतांबरांचं आठ दिवसांचं पर्युषण आणि दिगंबरांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व याच काळात येतं.

म्हणजे साधूंनी सोडलं ते हिंडणं. गृहस्थाच्या वाट्याला ताटातलं काही कमी करणं आलं.

आता हे चार महिने दर वर्षी पावसाळ्यातच का येतात? चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ दिवसांचं. दर वर्षी अकरा दिवसांची तूट पडते. ती भरून काढायला साधारण दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास धरतात, म्हणून सण आपापल्या ऋतूला बांधलेले राहतात. अधिक मास नेमका चातुर्मासात आला की तो पाच महिन्यांचा होतो. २०२३ साली अधिक श्रावण आला होता. त्या वर्षी आषाढी २९ जूनला होती आणि कार्तिकी थेट २३ नोव्हेंबरला. नेम धरणाऱ्यांनी तो जास्तीचा महिनाही निमूट काढला, कारण मुदत पंचांगाने ठरवलेली होती. ती आपल्या हातात नसणं हीसुद्धा एक सोय आहे, हे पुढे लक्षात येईल.

हिजरी कालगणनेत अधिक मास नाही. म्हणून रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. मुंबईत डिसेंबरातला रोजा बारा तासांच्या थोडा पुढे जातो, जूनमधला साडेचौदा तासांच्या आसपास. एकाच माणसाला आयुष्यात थंडीतले सोपे रोजेही मिळतात आणि मे महिन्यातले जीव काढणारेही. ख्रिस्ती उपवासकाळाचा हिशेब आणखी वेगळा. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत मोजले तर ४६ दिवस होतात, पण चाळीसच धरतात, कारण मधले सहा रविवार मोजत नाहीत. रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा वार, त्या दिवशी उपास नाही. इतक्या लांबच्या नेमात दर आठवड्याला एक मोकळा दिवस आधीपासूनच ठेवलेला आहे.

काय काय सोडतात

'उपास म्हणजे न जेवणं' एवढंच डोक्यात असेल तर चातुर्मासातल्या नेमांची यादी पाहून आश्चर्य वाटेल. कुणी एकभुक्त राहतं, म्हणजे दिवसातून एकदाच जेवतं. कुणी नक्त करतं, दिवसभर उपाशी राहून दिवस मावळल्यावर जेवतं. धारणं-पारणं करणारे एक दिवस उपास आणि एक दिवस जेवण असे चार महिने काढतात. कुणी पानावर जेवतं, कुणी मुक्याने जेवतं, कुणी गादी सोडून जमिनीवर निजतं, कुणी पायात चप्पल घालत नाही. सोडण्याच्या जोडीला काही करण्याचेही नेम असतात: रोज तेहतीस गोपद्मं काढायची, लाख वाती वळायच्या, एखादी पोथी रोज वाचायची.

मला यातला सर्वांत विचारपूर्वक बांधलेला नेम वाटतो तो महिन्यागणिक बदलणारा. श्रावणात पालेभाज्या वर्ज्य, भाद्रपदात दही, आश्विनात दूध, कार्तिकात द्विदल धान्य म्हणजे डाळी-कडधान्यं. चार महिने चालणारा नेम, पण एका वेळी एकच वस्तू जाते आणि महिना भरला की ती परत येते. शरीराला कुठल्याच एका गोष्टीचा लांब तुटवडा पडत नाही, आणि जिभेला मात्र दर महिन्याला नव्याने जुळवून घ्यावं लागतं.

जैनांकडे तर याहून लहान माप आहे. नवकारसी म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटं तोंडात पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. अठ्ठेचाळीस मिनिटं! पण त्यासाठीही रीतसर पचक्खाण, म्हणजे त्यागाची प्रतिज्ञा घ्यायची असते. नुसता उशिरा चहा घेतला म्हणून नवकारसी होत नाही. सोडलेल्या वस्तूपेक्षा ठरवून सोडण्याला किंमत किती आहे, ते यात नेमकं दिसतं.

'यामागे विज्ञान आहे' या वाक्याबद्दल

चातुर्मास आला की फोनवर संदेश फिरू लागतात: पूर्वजांना सगळं विज्ञान ठाऊक होतं, म्हणून कांदा वर्ज्य. यातलं काही पटण्यासारखं आहे. पावसाळ्यात पालेभाजीला चिखल, अळ्या, कीड असते. ती महिनाभर टाळणं व्यवहाराला धरून आहे. पावसाळ्यात अग्नी मंद होतो, पचेल ते आणि बेताने खावं, असं आयुर्वेदाच्या ऋतुचर्येतही सांगितलं आहे. पण कांदा-लसूण वर्ज्य आहे तो तामस-राजस आहाराच्या कल्पनेमुळे. त्याला जीवनसत्त्वांची आणि जंतूंची कारणं चिकटवायची काही गरज नाही. व्रत हे व्रत म्हणून पाळलं तरी त्याचा मान कमी होत नाही. ओढूनताणून दिलेली कारणं उद्या खोटी ठरली, तर त्यासोबत नेमावरचाही विश्वास जातो.

ज्या त्यागाचं कारण थेट दिसतं असाही एक आपल्याच किनाऱ्यावर आहे. १ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. या काळात बरेच मासे अंडी घालतात, समुद्रही खवळलेला असतो. सरकारी बंदी येण्याच्या कितीतरी आधीपासून कोळी बांधव नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करूनच होड्या लोटत आले आहेत. दोन महिने हात आखडले की पुढे जाळ्यात काही येण्याची आशा राहते.

आधीच दिलेली सूट

आता या बांधणीतल्या ज्या भागाकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही, तिथे थोडं थांबते.

धर्मशास्त्रात एक प्रसिद्ध श्लोक आहे. आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही, असं त्यात म्हटलं आहे: पाणी, कंदमूळ, फळ, दूध, हविष्य म्हणजे यज्ञात चालणारं सात्त्विक अन्न, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचं वचन आणि औषध. शेवटचा शब्द महत्त्वाचा. 'आज उपास आहे, गोळी नाही घेत' असं म्हणणाऱ्या आजीला हा श्लोक जरूर ऐकवा. चातुर्मास्याच्या संकल्पात आणखी एक विलक्षण प्रार्थना आहे: देवा, हे व्रत घेतल्यावर मधेच मला मरण आलं, तर तुझ्या कृपेने ते पूर्ण झालं असं धर. मरणाची शक्यतासुद्धा पहिल्याच दिवशी हिशेबात घेतलेली आहे.

जैनांच्या पचक्खाणातही अशा सवलती असतात, त्यांना आगार म्हणतात. विसरून तोंडात गेलं, किंवा एकाएकी अनवधानाने गेलं, तर प्रतिज्ञा मोडत नाही. इस्लाममध्ये आजारी, प्रवासी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांना रोजातून सूट आहे, मासिक पाळीत तर रोजा धरायचाच नाही. राहिलेले दिवस नंतर भरून काढता येतात. ज्याला पुढेही कधी जमणार नाही अशा आजारी वा वृद्ध माणसाने गरिबाला जेवू घालावं, अशी तजवीज आहे. रोजा आहे हे विसरून कुणी पाणी प्यायलं, तर बहुसंख्य मुस्लिम धर्मशास्त्रज्ञांच्या मते रोजा तुटत नाही; आठवल्या क्षणी थांबायचं आणि पुढे चालू ठेवायचं. कॅथलिकांमध्येही उपासाची सक्ती १८ ते ५९ या वयातल्यांनाच, आणि तीही राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी.

इतक्या वेगवेगळ्या परंपरांनी सुटीची कलमं इतक्या बारकाईने का लिहिली असतील? याचं एक उत्तर मानसशास्त्रातल्या १९७५ सालच्या एका प्रयोगात सापडतं. काही जणींना आधी मिल्कशेक प्यायला दिलं, मग 'चव सांगा' म्हणून आइस्क्रीम पुढे ठेवलं. एरवी खाण्यावर निर्बंध ठेवणाऱ्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी खायला हवं होतं. झालं उलटंच, त्यांनी जास्त खाल्लं. आज तर नेम मोडलाच, मग आता पोटभर खाऊ, असं मनाने घेतलं. घरोघरी होतं ते हेच. एक गुलाबजाम खाल्ला जातो, आणि त्या एका गुलाबजामामुळे पूर्ण पथ्य सुटतं.

जुन्या नेमांनी ही भगदाडं आधीच बुजवून ठेवली आहेत. चुकलं तर काय, हे ठरलेलं असलं की चूक चुकीएवढीच राहते.

मुदत मनासाठी काय करते

'कायमचं सोडलं' म्हटलं की प्रत्येक मोहाचा क्षण जन्मभराच्या नकाराएवढा जड होतो. 'कार्तिकीपर्यंत' म्हटलं की तोच क्षण उरलेल्या दिवसांएवढा हलका होतो. शेवट दिसत असला की वाट पाहणं सोपं जातं, आणि वाट पाहण्याचं माणसाला लहानपणापासून वळण असतं.

मनोनिग्रह हा टाकीतल्या पाण्यासारखा वापरला की संपतो, असं मानसशास्त्रात बरीच वर्षं मानलं जात होतं. २०१६ साली २३ प्रयोगशाळांनी मिळून ही कल्पना तपासणारा प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा तो परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. त्यामुळे 'माझ्यात विल पॉवरच नाही' हे वाक्य जरा जपून वापरावं. कपाटात चिवड्याचा डबा समोर दिसतो की नाही, घरातल्यांना नेम माहीत आहे की नाही, ऑफिसातल्या चहाच्या वेळी सोबत कोण असतं, यावर पुष्कळ अवलंबून असतं. श्रावणात घरंच्या घरं, गल्लीच्या गल्ली सामिष सोडतात. कुणी आग्रह करत नाही, खानावळीतही गर्दी ओसरते. एकट्याने ऑक्टोबरात तेच करायला जा, म्हणजे फरक कळेल.

सवयीबद्दलही एक आकडा सतत ऐकू येतो: २१ दिवसांत सवय लागते. लंडनमधल्या ९६ जणांच्या एका प्रसिद्ध अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, आणि माणसागणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत गेला. चार महिने म्हणजे सुमारे १२० दिवस. बहुतेकांच्या बाबतीत तेवढ्यात सवयीची धार बोथट व्हावी.

आणि सोडल्यामुळे वस्तूची गोडीही परत येते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना चॉकलेट खायला दिलं. मग काहींना आठवडाभर चॉकलेट बंद केलं, काहींना हवं तेवढं खायला भरपूर चॉकलेट दिलं. आठवड्यानंतर पुन्हा चॉकलेट दिलं, तेव्हा न खाणाऱ्यांना ते सर्वांत जास्त आवडलं. आपल्याकडे हे चंपाषष्ठीला दिसतं. खंडोबाची घरं आषाढापासून वांगं आणि कांदा वर्ज्य करतात, ते मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा नैवेद्याला दाखवूनच सोडतात. चुलीवर किंवा गॅसच्या उघड्या ज्योतीवर वांगं काळं होईपर्यंत भाजायचं, साल काढून हाताने कुस्करायचं, त्यात कांद्याची पात, हिरवी मिरची. वर्षभर मिळणाऱ्या साध्या भरिताला त्या दिवशी जी चव येते, ती त्या मधल्या महिन्यांनी आणलेली असते.

साबुदाण्याचं काय करायचं

'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण काही उगाच पडलेली नाही. एकादशीचा मूळ नियम धान्य न खाण्याचा. फळं, कंद, दूध चालतं. मग या 'चालतं' मधून फराळाचं एक वेगळंच ताट उभं राहिलं. गंमत म्हणजे साबुदाण्याची खिचडी करायला घ्या: साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून होतो, ते झाड मूळ दक्षिण अमेरिकेतलं. बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची, हीसुद्धा अमेरिका खंडातून गेल्या काही शतकांत आलेली. भारतात साबुदाण्याचे कारखाने तमिळनाडूतल्या सेलमच्या आसपास १९४० च्या दशकात उभे राहिले. म्हणजे ज्या खिचडीशिवाय आज एकादशी सुनी वाटते, ती ज्ञानेश्वर-नामदेवांच्या काळी असणंच शक्य नव्हतं.

याने खिचडी अपवित्र होत नाही. पण शरीराच्या दृष्टीने तिच्याकडे नीट बघायला हवं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, वर तूप आणि दाण्याचं कूट. दिवसभर बटाट्याचे वेफर्स, साबुदाणावडे, तळलेले पापड झाले की एरवीच्या पोळी-भाजीपेक्षा पोटावर भार जास्तच पडतो. ज्याला पोटाला विश्रांती द्यायची आहे त्याने राजगिऱ्याची लाही आणि दूध, भगर आणि दाण्याची आमटी, एखादं फळ, ताक एवढ्यावर भागवावं. भगरीबद्दल एक सूचना. सुटी आणि आधीच दळून ठेवलेली भगर घेऊ नका. दमट हवेत तिला बुरशी धरते, आणि उपासाच्या दिवशी भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वारंवार येतात. अख्खी, पाकीटबंद आणा, निवडून धुऊन घ्या, पीठ हवं असेल तर घरी लागेल तेवढंच दळा.

खरोखर उपाशी राहिल्यावर शरीर आधी यकृतात साठवलेली साखर वापरतं. तो साठा दिवसभरात ओसरू लागला की चरबी वितळवून काम भागवतं. निरोगी माणसाला एखाद्या दिवसाच्या उपासाने काही होत नाही. 'पेशी स्वतःची साफसफाई करतात, त्याला नोबेल मिळालंय' हे जे सांगितलं जातं, त्यात अर्धं खरं आहे. जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल त्या प्रक्रियेची यंत्रणा उलगडल्याबद्दल मिळालं, आणि त्यांचं मूळ काम यीस्टवर होतं. त्यावरून 'सोमवारच्या उपासाने कॅन्सर टळतो' इथपर्यंत उडी मारता येत नाही.

चहा-कॉफी एकदम बंद केली तर डोकं दुखतं. हा त्रास बारा ते चोवीस तासांत सुरू होतो, पहिल्या एक-दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो आणि आठवडाभरही रेंगाळू शकतो. तो अध्यात्माचा परिणाम नव्हे, कॅफिन तुटल्याचा आहे. नेमाच्या आधीच्या आठवड्यात रोज एकेक कप कमी केला की बराचसा टळतो.

काही जणांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करूच नये. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणारे, गरोदर स्त्रिया, मूत्रपिंडाचे रुग्ण, वाढत्या वयाची मुलं, आणि ज्यांचं खाण्याशी नातं आधीच बिघडलेलं आहे असे लोक. मधुमेहाची गोळी घेऊन जेवण टाळलं तर रक्तातली साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आणि रोज भरपूर दारू पिणाऱ्याने 'श्रावण आला, आजपासून बंद' असं एका रात्रीत करू नये. हात थरथरणं, भास होणं, झटके येणं, प्रसंगी जिवावर बेतणं इथपर्यंत जाऊ शकतं. त्याने थांबायलाच हवं, पण डॉक्टरांच्या देखरेखीत.

श्रावणाच्या तोंडावर गटारी येते, गोव्यात उपवासकाळाआधी कार्निव्हल येतो. निरोप घ्यायची ही हौस मला मनापासून कळते. पण एका रात्रीत महिन्याभराची दारू पोटात घालणं हा त्या नेमाचा भाग कधीच नव्हता.

नेम एकाचा, कढया दोन

यावर फार कमी बोललं जातं, म्हणून सांगायलाच हवं. घरातल्या एकाने कांदा-लसूण सोडला की बहुतेक घरांत दोन फोडण्या होतात. मुलांना कांद्याची भाजी, सासऱ्यांना बिनकांद्याची. दोन कढया, दोन पळ्या, आणि कुठली कुठे बुडाली ते लक्षात ठेवणारी एक बाई. तिचा स्वतःचा शुक्रवारचा किंवा चतुर्थीचा उपास असतो तो वेगळाच, आणि त्या दिवशीही बाकीच्यांचा स्वयंपाक चुकत नाही. नेम धरणाऱ्याने आपल्या नेमाचा स्वयंपाक जमेल तितका स्वतः करावा, निदान आपली भाजी आपण चिरावी. दुसऱ्याच्या श्रमावर उभा केलेला त्याग मला अर्धाच वाटतो.

तसंच, नेम स्वतःसाठी घ्यायचा असतो. शेजाऱ्याच्या घरातून मासळीचा वास आला म्हणून त्याला बोलणं कुठल्याच संकल्पात लिहिलेलं नाही. आणि ज्यांच्या घरी महिनाअखेरीला ताट मुळातच अर्धं असतं, त्यांना संयमाचे धडे देऊ नयेत. सोडण्यासाठी आधी हातात काही असावं लागतं.

आपला नेम बांधायचा तर

समजा तुम्हाला रात्रीचा मोबाइल कमी करायचा आहे. 'मोबाइल कमी वापरेन' हा नेम होत नाही. त्यात पाळलं काय आणि मोडलं काय, हेच कळत नाही. 'आषाढीपासून कार्तिकीपर्यंत रात्री साडेनऊनंतर फोन दिवाणखान्यातल्या चार्जरवर राहील' हा नेम झाला. मग सुटी लिहा: आईचा फोन आला तर घेईन, गावाहून येणाऱ्याला न्यायला स्टेशनवर जायचं असेल तर चालेल. विसरून हातात घेतला तर आठवताक्षणी ठेवून देईन आणि दुसऱ्या दिवशी नेम जसाच्या तसा चालू राहील. हे घरात मोठ्याने सांगा. रिकाम्या झालेल्या वेळात काय करणार, तेही ठरवा, नाहीतर साडेनऊ ते अकरा भिंतीकडे बघण्यात जातील. जुन्या लोकांनी सोडण्याच्या जोडीला वाती वळायचं आणि पोथी वाचायचं काम दिलं होतं, ते याच कामी येतं.

मुदत सोयीनुसार हलवू नका. पंचांगाची, महिन्याची, शाळेच्या सत्राची, कुठलीही घ्या, पण आपल्या हातात नसलेली घ्या. एका वेळी एकच नेम घ्या. मधेच उत्साहाने वाढवूही नका; वाढवायचा असेल तर हा पूर्ण करून नव्याने घ्या.

शेवटही रीतसर करायचा असतो. जुन्या व्रतांना उद्यापन असतं आणि त्यात सोडलेल्या गोष्टीशी जुळणारं दान सांगितलं आहे: जमिनीवर निजलेल्याने बिछाना द्यावा, मौन पाळणाऱ्याने घंटा. चार महिने बाहेरचं खाणं सोडलं असेल, तर त्यात वाचलेले पैसे मोजून कुणाच्या तरी जेवणाला द्यावेत, असा त्याचा आजचा अर्थ लावायला हरकत नाही. लांब उपासानंतर पारणं हलकं करावं. पातळ भात, मुगाचं कढण, आणि भरलं ताट दुसऱ्या दिवशी.

मुदत संपल्यावर काय उरतं? इंग्लंडमध्ये २०१३ पासून जानेवारीभर दारू न पिण्याची मोहीम चालते. तिच्यात भाग घेतलेल्या ८५७ जणांचा २०१६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की सहा महिन्यांनंतरही ते आधीपेक्षा कमी पीत होते, आणि नको म्हणणं त्यांना सोपं जात होतं. ज्यांना महिना पूर्ण करता आला नाही त्यांच्यातही काही बदल टिकला, मात्र कमी. हे लोक स्वतःहून पुढे आलेले होते, त्यामुळे हा निकाल सगळ्यांना लावता येणार नाही. म्हणून संपण्याच्या दिवशी स्वतःला नेमकं विचारा: ती वस्तू परत आणायची का, किती आणि कोणत्या वारी? हे न ठरवता दार उघडलं, तर जुनं माप आठवड्याभरात परत येतं. ठरवलेलं माप कागदावर लिहून फ्रिजला लावा, आणि पुढच्या आषाढीपर्यंत ते किती टिकलं ते बघा.